मिठाचं पाणी आणि पोलादाचा कोपरा

कडक पोलाद मिठाच्या पाण्यात विरघळवून घडवतात, ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं म्हणून वाळूजच्या एका लहान शेडमध्ये गेले. १९८५ साली बजाज वाळूजला आली आणि तिच्याभोवती सुटे भाग बनवणारे वाढले. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमने त्यांना शिकलेले हात दिले. हे शहराला ठाऊकच आहे.

पण मला गुंतवलं ते ब्रेकच्या एका वाल्व्ह बॉडीने. तिच्यात दोन भोकं आतल्या आत एकमेकांना छेदतात आणि त्या कोपऱ्यावर बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, उरते. तिथे कानस पोचत नाही. ती बर सुटून तेलात गेली तर वाल्व्ह अडकू शकतो. म्हणून आत पितळी इलेक्ट्रोड सोडतात, टोकाखेरीज सगळा झाकलेला. जॉबला, म्हणजे त्या भागाला, धन टोक, इलेक्ट्रोडला ऋण, मधल्या मिलिमीटरभराहून कमी फटीतून सोडियम नायट्रेट या मिठाचं द्रावण जोरात वाहतं. काही सेकंदांत बर गेलेली असते. ठिणगी नाही, जॉबवर दाब नाही, पोलाद कितीही कडक असो. इलेक्ट्रोडही झिजत नाही. फॅरेडेने १८३०च्या दशकात मांडलेल्या नियमाने हिशेब केला तर १,००० अँपिअरला मिनिटाला साधारण १७ ग्रॅम लोखंड विरघळतं. मला हे फार देखणं काम वाटलं.

ऑपरेटरचं लक्ष मात्र तापमानाच्या काट्यावर होतं. द्रावण एका अंशाने तापलं की त्याची वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, प्रवाह चढतो आणि कोपरा हवा त्यापेक्षा जास्त गोल होतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात द्रावण थंड ठेवणारा चिलर दमला की जॉब बाद. म्हणून पहिला जॉब भिंगाखाली पाहिल्याशिवाय तो दुसरा लावत नाही.

पण विरघळलेलं लोखंड जातं कुठे? ते हायड्रॉक्साइडचा तपकिरी गाळ होऊन टाकीत बसतं, मूळ धातूच्या कितीतरी पट फुगून. पोलादात क्रोमियम असेल तर नायट्रेटच्या द्रावणात विषारी सहा-संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं. ते आधी रसायनाने निष्प्रभ करावं लागतं, मग गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून परवानाधारकाकडे द्यावा लागतो. लहान शेडला हा खर्च जड जातो. वापरून संपलेल्या द्रावणाचं दुखणं वेगळंच: पाण्यात विरघळलेलं मीठ जैविक प्रक्रियेने निघत नाही. अशा शेडना मिळून वापरता येईल अशी प्रक्रियेची सोय वसाहतीतच हवी, आणि मशीन घेण्याआधी हवी. कारण इथली खाम नदी पुढे नाथसागर जलाशयाला मिळते, आणि शहर पितं ते पाणी नाथसागराचंच.