उठायचं तर आधी वाका

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला खुर्चीतून उठवायचं म्हटलं की घरातले दोघं पुढे होतात. एक जण लुळा हात धरतो, दुसरा काखेत हात घालतो आणि दोघं मिळून ओढतात. हेतू चांगला असतो, पद्धत चुकीची. पक्षाघातानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हाताच्या नुसत्या वजनानेही सांधा खाली सरकू शकतो. त्यात ओढाताण झाली की खांदा दुखावतो आणि पुढचे व्यायाम अडतात. आधार धडाला द्यावा, तोही फिजिओथेरपिस्टकडून शिकून.

‘पाठ ताठ ठेव आणि जोर लाव,’ हा घरोघरी मिळणारा सल्ला तर उलटाच आहे. ताठ बसून, अजिबात न वाकता उठून बघा. धडधाकट माणसालाही जमत नाही. आधी खुर्चीच्या कडेशी सरकायचं. पावलं गुडघ्यांपेक्षा थोडी मागे, टाचा टेकलेल्या. मग कमरेतून पुढे झुकायचं, नाक साधारण पायाच्या बोटांवर येईपर्यंत. वजन पावलांवर आलं की बैठक सुटते, आणि मग गुडघे व कंबर सरळ करायची. रुग्णाला नेमकी पुढे झुकायचीच धास्ती वाटते, म्हणून तो मागे रेलतो. शिवाय चांगला पाय नकळत मागे घेऊन सगळा भार त्यावरच टाकतो, अधू पायाला काम उरत नाही. म्हणून अधू पाऊल निदान बरोबरीने, जमल्यास किंचित मागे ठेवायला शिकवतात.

बसणं सोपं, असं आपण धरूनच चालतो. खरं तर खाली येताना मांडीच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच भार पेलावा लागतो. ते न जमल्याने माणूस धपकन आदळतो. दोन्ही पाय खुर्चीला लागल्याची खात्री करून, पुढे वाकून, सावकाश बसायचं. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती मागे घसरते. सुरुवातीला उंच, हातांची खुर्ची घ्यावी, मग हळूहळू उंची कमी करावी. खोल सोफा सगळ्यात शेवटी.

‘आधी ताकद येऊ दे, मग उठवू’ हेही चूक, कारण ताकद उठण्याच्या सरावातूनच येते. ऑस्ट्रेलियातल्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड या फिजिओथेरपिस्टांनी १९८०च्या दशकात हीच दिशा दिली : जी हालचाल परत हवी, तीच करायची. मात्र घाईही नको. पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवरच्या ‘अव्हर्ट’ चाचणीत (२०१५) पहिल्या २४ तासांतच उठवून जास्त वेळ हालचाल करून घेतलेल्यांची प्रगती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा कमी भरली. कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील.

सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही, हेही खरं नाही. वेग सुरुवातीला जास्त असतो, पण नेमक्या सरावाचा फायदा नंतरही होतो. दिवसातून अनेकदा, थोडं थोडं करावं. उठल्यावर चक्कर आली तर लगेच बसवून रक्तदाब तपासावा.