मोरीनं घात केला!

कुठल्याही भूगोलाच्या पुस्तकात न सापडणारे, तरीही लाखो वाचकांना पाठ असलेले काही किल्ले आहेत. जे. आर. आर. टॉल्किन या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीत ते उभे केले.

कल्पनेतलाच किल्ला, मग हवा तेवढा भक्कम बांधावा की! पण टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत स्वतः सैनिक होते. म्हणूनच की काय, त्यांच्या प्रत्येक किल्ल्यात एक कच्ची जागा आहेच.

हेल्म्स डीपचंच पाहा. डोंगरातल्या घळीच्या तोंडाशी वीस फूट उंच तट. वरून चार माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढा रुंद! पण घळीतला ओढा बाहेर जायचा कसा? त्यासाठी तटाच्या बुडाशी मोरी ठेवावीच लागली. रात्री 'ऑर्क' नावाचे राक्षसी सैनिक तिच्यातूनच सरपटत आत घुसले. गिम्ली या बुटक्या वीरानं गावकऱ्यांना हाताशी धरून मोरी दगडांनी बुजवली. हुश्श! पण कसलं काय, शत्रू पुन्हा मोरीत शिरला आणि त्यानं तिथे सुरुंगच उडवला. तटाला खिंडार! तेव्हा म्हाताऱ्या थिओडेन राजानं ठरवलं, आत कोंडून मरायचं नाही. पहाटे घोड्यावर बसून तो थेट शत्रूवर तुटून पडला. तेवढ्यात मदतही आली नि किल्ला वाचला.

मिनास तिरिथ नगराला तर एकावर एक सात तट. दरवाजे मुद्दाम एका रेषेत नाहीत. पहिला पूर्वेला, दुसरा आग्नेयेला, तिसरा ईशान्येला... चढणाऱ्याची पुरी दमछाक! बाहेरचा तट फुटणं अशक्यच. मग शत्रूनं दरवाजा गाठला. शंभर फुटी ओंडक्याच्या तीन धडका, जोडीला जादूचे मंत्र, आणि दरवाजाचे तुकडे! पण शत्रूचा सेनापती दरवाजातून आत शिरला, तोच बाहेर रणशिंगं वाजली. घोडदळ घेऊन कोण आलं होतं? तोच म्हातारा थिओडेन!

आणि दुष्ट जादूगार सारुमानचा आयसेनगार्ड? त्यानं भट्ट्यांसाठी जंगल तोडलं होतं. झाडांचे राखणदार 'एंट' चिडून चालून आले, त्यांनी तट उखडला आणि नदीचं पाणी आत सोडलं. मधल्या काळ्या मनोऱ्याचे मात्र जेमतेम टवके उडाले. सारुमान आत सुखरूप! फक्त चारी बाजूंनी पाणी, आणि दाराशी एंटांचा पहारा.