छपाईच्या जाळीचे धुणे

नक्षीदार कापड आपण हौसेने वापरतो. पण ते छापणारी जाळी आपल्या दृष्टीस क्वचितच पडते. चौकटीवर तलम जाळी ताणून बसवावयाची, तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप द्यावयाचा, नक्षीपुरती छिद्रे मोकळी ठेवावयाची आणि त्यांतून रंग कापडावर दाबावयाचा, अशी ही युक्ती आहे. ही जाळी पूर्वी रेशमाची असे, आता बहुधा पॉलिएस्टरची असते. नक्षी बदलली की जुना लेप रसायनांनी काढून तीच जाळी पुन्हा वापरतात. या रासायनिक धुण्याची किंमत कोण मोजतो, एवढेच आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

पहिली किंमत जाळी मोजते. सोडियम पेरिआयोडेटच्या द्रावणाने लेप सुटतो व पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातो. परंतु ते द्रावण जाळीवरच वाळले, तर लेप कायमचा चिकटून बसतो. राहिलेल्या डागांसाठी मग कॉस्टिक सोडा येतो. तो डाग घालवितो खरा, पण पॉलिएस्टरचा धागाही कुरतडतो. अशी जाळी पुढे ताण सोसत नाही, आणि ताण गेला की एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नाही.

दुसरी किंमत कामगार मोजतो. चिवट रोगण काढण्यास मिथिलीन क्लोराइड वापरले, तर ते सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळते. मग आपल्याकडील उन्हाळ्यात ते किती वेगाने उडत असेल! त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती हौदातच साचते, आणि वाकून जाळी घासणाऱ्याच्या छातीत जाते. शरीरात तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो व रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. डोके दुखू लागले की तो बिचारा उन्हाला दोष देतो!

तिसरी किंमत सर्वांची. मळ नाहीसा होत नाही, तो जाळीवरून गटारात जातो. लेपात डायक्रोमेट असेल, तर विषारी क्रोमियमही त्याबरोबर वाहते.

रसायने अजिबात वापरू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. पण रंग ओला असतानाच जाळी साध्या पाण्याने धुवावी, द्रावण वाळू देऊ नये, हौदाजवळची हवा पंख्याने बाहेर काढावी आणि धुवण शुद्ध केल्यावाचून सोडू नये, एवढे तरी सहज होण्यासारखे आहे. जाळी स्वच्छ आणि माणूस आजारी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच आहे.