चुलीतलं तूस आणि विमानाचं इंजिन

मार्गासनी, वेल्हे म्हणजे भाताचा पट्टा. मातीच्या चुलीसाठी मातीत तूस आणि शेण मिसळायची आपल्याकडची रीत मला फार शहाणपणाची वाटते.

चूल पेटली की तापलेला भाग फुगू पाहतो, शेजारचा थंड भाग त्याला धरून ठेवतो. धातू किंचित वाकून हा ताण जिरवतो. चुलीच्या मातीसारखं सिरॅमिक वाकत नाही, तडकतं. मातीतलं तूस ही भेग अडवतं. ते जळून गेलं तरी मागे राहिलेल्या पोकळ्यांपाशी भेगेचं टोक बोथट होतं.

भेग अडवायची हीच युक्ती विमानाच्या इंजिनातही दिसते. २०१६ पासून प्रवासी विमानांत असलेल्या ‘लीप’ इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं कडं सिरॅमिक कंपोझिटचं आहे: सिलिकॉन कार्बाइडमध्ये सिलिकॉन कार्बाइडचेच धागे. पदार्थ एकच, त्यामुळे प्रसरणही जवळपास सारखं. १००० अंशांनी तापवल्यास सिलिकॉन कार्बाइडची एक मीटरची पट्टी सुमारे साडेचार मिलिमीटर वाढते, अ‍ॅल्युमिना या दुसऱ्या सिरॅमिकची आठ. असे दोन पदार्थ जोडले तर हा फरकच तडा पाडतो.

खरी करामत धाग्यांवरच्या बोरॉन नायट्राइडच्या पातळ थरात आहे. तो मुद्दाम कच्चा ठेवतात. भेग तिथं येऊन वळते, धागा शाबूत राहतो, भाग एकदम फुटत नाही.

तुमच्या गावात चुलीच्या मातीत आणखी काय मिसळतात? जरूर लिहा.