कोंबडी जखमी झाली तर घरी काय करावे



आपल्या आखाडा बाळापुरात बैलाला काही झाले तर घरातले कोणी नीट जेवत नाही. गाय आजारी पडली की लगेच माणूस धाडतात. पण कोंबडी जखमी झाली तर मोठी माणसे म्हणतात, "काप आता तिला, रविवारच हाये." मला हे पटत नाही. आमच्या घरी पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. अंडी विकून माझ्या वह्या येतात, आणि माझ्या लहान भावाला रोज एक अंडे मिळते. मी वर्गात विचारले, "कोणाकोणाच्या घरी कोंबड्या आहेत?" तर अर्ध्याहून जास्त हात वर झाले. म्हणून हा लेख लिहिला. यातले काही आजीने सांगितले, काही गुरांच्या डॉक्टरकाकांनी समजावले, आणि काही मी आमच्या चितरीवरून शिकले.

डॉक्टर मिळत असतील तर डॉक्टरलाच दाखवावे, हे आधी सांगते. १९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा फुकटचा फोन नंबर आहे, तो घरात भिंतीवर लिहून ठेवा. पण कुत्रे काही वेळ बघून येत नाही. रात्र असते, पाऊस असतो, आपण शेतात आखाड्यावर असतो. तेव्हा पहिले काही तास आपल्यालाच बघावे लागते.

कोंबडी जखमी झाली की ती पळते आणि कणगीमागे किंवा तुराट्यांच्या ढिगात घुसते. तिच्यामागे धावू नका. धावल्याने रक्त आणखी वाहते. अंधारात कोंबडीला आपल्यापेक्षा कमी दिसते, म्हणून दरवाजा लोटून उजेड कमी करावा आणि अंगावर हळूच फडके टाकून उचलावे. दोन्ही पंख अंगाला लावून धरावे. छाती मात्र दाबू नये. आपल्या छाती आणि पोटाच्या मध्ये श्वासाचा पडदा असतो, तो कोंबडीला नसतो. ती छातीचे हाड पुढेमागे हलवून श्वास घेते. छाती घट्ट आवळली तर जखमेने नाही, पण आपल्या हाताने गुदमरून मरते. बाजारात पाय धरून उलटी लटकवतात तेही जखमी कोंबडीला करू नये.

मग रक्त. दीड किलोच्या कोंबडीत सगळे मिळून साधारण १०० मिलिलिटरच रक्त असते. म्हणजे चहाचा एक कप. त्यामुळे आपल्याला थोडे वाटते ते तिला खूप असते. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटे दाबून धरावी. मधेच उचलून बघायचे नाही. माझ्याकडे घड्याळ नव्हते म्हणून मी शंभरपर्यंत तीनदा मोजले. नख तुटले असेल तर तिथे गव्हाचे पीठ दाबले तरी रक्त थांबते. नवीन फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असते. ते पीस मोडले तर लहान असूनही बरेच वाहते, त्यालाही दाबून धरावे. बाकीची पिसे उपटू नयेत.

रक्त थांबले की जखम धुवायची घाई करू नका. आधी तिला बसू द्या. डॉक्टरकाका म्हणाले, "जखमेआधी भीतीने मरते कोंबडी." खोक्याला भोके पाडावी, खाली कोरडे पोते अंथरावे आणि घरात अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवावे. पावसाळ्यात आणि थंडीत ऊब हवी. उन्हाळ्यात मात्र ऊब देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात एवढे तापते आणि कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. तेव्हा सावली आणि वारा हवा. एक गंमत सांगते. माझ्या मावसभावाने आमच्या कोंबडीला हात लावला आणि म्हणाला, "हिला ताप हाये." कोंबडीचे अंग नेहमीच ४१ अंशाच्या आसपास असते. आपले ३७. म्हणून ती हाताला गरमच लागते. ताप नव्हता.

खुराड्यात इतर कोंबड्यांबरोबर तिला कधीच ठेवू नका. लाल दिसले की बाकीच्या तिथेच टोचतात. तिच्या स्वतःच्या पिल्लांनी सुद्धा टोचलेले मी पाहिले आहे. त्यांचा राग नसतो, पण लाल ठिपका दिसला की चोच जाते. रुपयाएवढी जखम सकाळपर्यंत तळहाताएवढी होते.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त ऐका. आपल्याकडे जखमी कोंबडीची चोच उघडून पाणी ओततात. हे करू नये. कोंबडीच्या जिभेच्या मागेच श्वासनळीचे तोंड असते. ओतलेले पाणी तिथून आत जाते आणि ती गुदमरते. वाटीत पाणी ठेवावे, चोचेचे टोक फक्त बुडवावे, मग ती स्वतः मान वर करून गिळते. एक तांब्या पाण्यात गुळाचा छोटा खडा आणि चिमूटभर मीठ टाकले तर तरतरी येते. खायला ज्वारीच्या कण्या भिजवून द्याव्या. पहिल्या रात्री खाल्ले नाही तर घाबरू नये. दुसरा पूर्ण दिवस खाल्ले नाही तर घाबरावे.

आता आमच्या चितरीचे सांगते. मागच्या पावसाळ्यात कुत्र्याने तिला पाठीवर धरले. मायने काठी आपटून सोडवले. पाठीचे कातडे चार बोटे फाटले होते आणि आतले लाल मांस दिसत होते. आबा म्हणाले, "ही काय जगत नाही." माय काही बोलली नाही, पण तिने चूल पेटवून पाणी ठेवले, त्यावरून मी ओळखले.

पाणी उकळून कोमट होऊ द्यायचे. एक लिटरला चहाचा दीड चमचा मीठ. जखमेभोवतीची पिसे कात्रीने कापायची, म्हणजे ती चिकटून आत जात नाहीत. मग सुई काढलेल्या पिचकारीने ते पाणी जखमेवर सोडायचे. चोळायचे नाही. माती, पिसांचे तुकडे आणि कुत्र्याची लाळ वाहून गेली पाहिजे. आम्हाला तीन वाट्या पाणी लागले. चितरी ओरडली नाही. कोंबडी दुखले तरी सहसा ओरडत नाही, कारण कमजोर दिसली तर तिला कोणीतरी खाते. त्यामुळे गप्प आहे म्हणजे बरी आहे असे समजू नये. तुरा पांढरा पडला, डोळे मिटून पिसे फुगवून बसली, तर तिला खूप त्रास होत आहे.

धुतल्यावर काय लावायचे यावर आमच्या घरी भांडण झाले. आजी म्हणाली हळद. आबा म्हणाले रॉकेल. शेजारच्या काकू चुना आणि तंबाखू घेऊनच आल्या. डॉक्टरकाकांना मी नंतर विचारले. रॉकेल, चुना, तंबाखू, राख, शेण यातले काहीच लावायचे नाही. चुना आणि रॉकेल जिवंत मांस जाळतात, आणि राख-शेणाने घाण आत जाते. आजी जिंकली, पण अर्धीच. हळदीने जंतू कमी होतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हळदीला तोटा नाही, वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण हळद घरी कुटलेली असावी, रंग मिसळलेली नको. स्वच्छ खोबरेल तेलात कालवून वरवर पातळ लावावी. खोल भोकात हळद ठासू नये. वरून तोंड बंद होते आणि आत पू साचतो. आयोडिनचे तांबडे औषध घरात असेल तर तेही चालते, पण पाणी घालून कोऱ्या चहाच्या रंगाचे करून. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र कोंबडीला देऊ नका. आपल्याला अर्धी ती तिला ढीगभर.

पावसाळ्यात माशा हा मोठा शत्रू आहे. माशी जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर चिमट्याने एकेक काढाव्या, पुन्हा मिठाच्या पाण्याने धुवावे आणि डॉक्टरकडे न्यावेच. आम्ही खोक्यावर जुनी मच्छरदाणी टाकली होती आणि मी शाळेत यायच्या आधी व गेल्यावर जखम बघत होते. वास पण घ्यायचा. घाण वास आला तर आत सडत आहे.

मांजराचा दात लागला तर बाहेर छोटे भोक दिसते. तेच जास्त वाईट. मांजराच्या तोंडातले जंतू खोल जातात आणि कोंबडी दोन-तीन दिवसांत मरते. तिथे घरचे औषध पुरत नाही.

आणि कोंबडी सोडवताना कुत्रा तुम्हालाच चावला किंवा ओरखडला, तर कोंबडी राहू द्या. साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. घरी सांगायला भिऊ नका.

पाय मोडला असेल तर खालच्या नळीचा मोड घरी बांधता येतो. कापूस गुंडाळावा, दोन्ही बाजूंनी आइस्क्रीमच्या काड्या किंवा कळकाच्या गुळगुळीत कांबी लावाव्या आणि पट्टी बांधावी. बोटे उघडी ठेवावी. बोटे सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली, सैल करावी. साधारण तीन आठवडे ठेवावी लागते. पंख लोंबत असेल तर मिटवून फडक्याने अंगाला बांधावा, छाती सैल ठेवून. हाड बाहेर आले असेल तर हात लावू नका. पंखाचे वरचे हाड आतून पोकळ असते आणि त्यात श्वासाची हवा असते. त्यात पाणी किंवा औषध गेले तर फुप्फुसात गेल्यासारखेच.

कधी कधी आपल्याला जखम वाटते पण ती जखम नसते. मान वाकडी झाली, कोंबडी गोल गोल फिरते, हिरवी पातळ विष्ठा करते, तर कोणी मान मोडलेली नसते. तो मानमोडी रोग. त्याला रानीखेत पण म्हणतात, कारण उत्तराखंडातल्या रानीखेत गावी तो सुमारे शंभर वर्षांपूर्वी आढळला. त्याला पट्टी बांधून उपयोग नाही आणि तो झपाट्याने सगळ्या खुराड्यात पसरतो. त्याची लस असते. पिल्लू आठवड्याचे व्हायच्या आत डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकतात.

आणि एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर कोणत्याच कोंबडीला हात लावू नका, मेलेली पण उचलू नका, नदीत तर मुळीच टाकू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या थोड्या दिवसांत मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मुरुंबा आपल्यापासून काही फार लांब नाही. अशा वेळी मोठ्या माणसांनी गुरांच्या दवाखान्यात कळवायचे असते. साध्या जखमी कोंबडीला हात लावल्यावरही साबणाने हात धुवावे, कारण कोंबडीच्या विष्ठेत पोट बिघडवणारे जंतू असतात.

सगळ्याच कोंबड्या वाचत नाहीत. आमची काळी कोंबडी मुंगसाने मानेला धरली होती, तिच्यासाठी काहीच करता आले नाही. पोटातले बाहेर आले असेल, किंवा ती उभी राहत नसेल आणि दोन दिवस पाणीही घेत नसेल, तर मोठ्यांनी ठरवावे. तिला दिवसेंदिवस तसेच ठेवणे मला तरी चांगले वाटत नाही.

चितरीची जखम पहिल्या आठवड्यात तशीच दिसत होती. मग कडेने गुलाबी कातडी सरकत आली आणि तीन आठवड्यांनी वर खपली धरली. खपली मी काढली नाही, ती आपोआप पडली. पिसे हळूहळू आली. आबा आता पाहुण्यांना सांगतात की, ही कोंबडी आम्ही वाचवली.

बरी झाली म्हणून एकदम कळपात सोडू नका. बाकीच्या तिला विसरलेल्या असतात आणि नवीन समजून मारतात. आधी तीन-चार दिवस अंगणात डालग्याखाली ठेवावे, म्हणजे सगळ्यांना ती दिसते. मग अंधार पडल्यावर खुराड्यात त्यांच्या शेजारी बसवावी. सकाळी थोडी टोचाटोची होते, पण मिटते.

अंड्याबद्दल मला मधल्या सुट्टीत दोघांनी विचारले. जखमी कोंबडी काही आठवडे अंडी बंद करते. चितरीने दिवाळीनंतर पुन्हा सुरू केली. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत ते त्यांनाच विचारायचे. नुसती हळद आणि मिठाचे पाणी असेल तर काही अडचण नाही.

पट्टीसाठी जुने धुतलेले सुती कापड लागते, नायलॉनचे चालत नाही. आजीच्या फाटक्या लुगड्यांचे एक गाठोडे आमच्या माळवदावर आहे. ज्याला लागेल त्याने मला सांगावे, मी घेऊन येईन.

– इयत्ता चौथीची विद्यार्थिनी