दिवेलागणीनंतर अडखळणारे डोळे

अंधार पडू लागला की मूल चाचपडत चालते, ताटातला घास त्याला सापडत नाही, अंगणात खेळायचे सोडून ते आईला चिकटून बसते. अशी तक्रार पूर्वीइतकी आढळत नसली तरी संपलेली नाही. गरोदर स्त्रियांतही ती दिसते. याला आपण रातांधळेपणा म्हणतो. हा कशामुळे होतो हे समजण्यासाठी थोडे मागे, कोट्यवधी वर्षे मागे जावे लागेल.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. त्यात सुमारे 12 कोटी दंडपेशी व 60 लाख शंकुपेशी असतात. दंडपेशी मंद उजेडात पाहतात, तर शंकुपेशी रंग ओळखतात. या पेशींत ‘ऑप्सिन’ नावाचे प्रथिन असते व त्याच्या कुशीत ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक लहानसा रेणू बसलेला असतो. प्रकाश पडताच हा वाकडा रेणू सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश जातो. वापरलेला रेणू पुन्हा पूर्ववत करावा लागतो. रात्री एकाएकी लाईट गेली की डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, ती यासाठीच. या रसायनाचा उलगडा केल्याबद्दल जॉर्ज वाल्ड यांना 1967 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हे ऑप्सिन केवळ माणसाचे नाही. मासा, बेडूक, माशी, इतकेच काय जेलीफिशमध्येही त्याच कुळातली प्रथिने आहेत. शास्त्रज्ञांच्या अंदाजाने हे कूळ साठ-सत्तर कोटी वर्षांपूर्वीचे आहे. मूळ जनुकाची चुकून दुसरी प्रत निघाली, प्रतीत थोडा फरक पडला आणि नव्या रंगाची ओळख झाली, असे वारंवार घडत गेले. पक्ष्यांकडे रंगांची चार ऑप्सिने आहेत. सस्तन प्राण्यांचे पूर्वज डायनॉसॉरच्या काळात रात्री वावरत, त्यांतली दोन त्यांनी गमावली. म्हणून कोकाच्या जंगलातल्या चितळाला वाघाचा नारिंगी रंग झाडीच्या हिरव्यापासून वेगळा ओळखता येत नाही!

आपल्या वानरपूर्वजांत तीन-चार कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाची पुन्हा प्रत निघाली व तांबडा आणि हिरवा वेगळे दिसू लागले. ही दोन्ही जनुके ‘एक्स’ गुणसूत्रावर शेजारी शेजारी व फार सारखी आहेत. त्यामुळे त्यांची अदलाबदल होऊन रंगांधळेपणा येतो. पुरुषांकडे एक्स एकच असल्याने तो त्यांच्यात जास्त आढळतो. यावर औषध नाही. मुलाला रेल्वे इंजिन चालकाच्या परीक्षेला बसायचे असेल तर वर्षे घालवण्याआधी रंगदृष्टी तपासून घ्यावी.

प्रथिने बदलत गेली, पण त्यांचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा जोडीदार मात्र तोच राहिला. तो शरीर स्वतः मुळापासून बनवू शकत नाही. अन्नातूनच घ्यावा लागतो. आपला जिल्हा धानाचा, पण पांढऱ्या तांदळात तो नाही. नुसत्या भाताने पोट भरते, डोळ्यांची गरज भागत नाही. साठा संपू लागला की प्रथम दंडपेशी अडतात व रातांधळेपणा येतो. पुढे बुबुळाशेजारी साबणाच्या फेसासारखे डाग पडतात, बुबुळ मऊ होऊन फुटते आणि कायमचे अंधत्व येते. फेसासारखा डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

उपाय स्वस्त आहेत. शेवग्याची पाने, पालक, चवळी, तरोट्याची कोवळी भाजी, गाजर, पपई, आपल्याकडचे कोहळे म्हणजे लाल भोपळा, अंडी, दूध, तसेच तळ्यातले छोटे मासे डोक्यासकट खावेत. भाजीला थोडे तेल अवश्य घालावे, त्याशिवाय हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. शासनाच्या कार्यक्रमात बालकांना नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ‘अ’ जीवनसत्त्वाचे एकूण 9 डोस मोफत देतात. एकही चुकवू नये. गरोदर स्त्रीने मात्र मोठा डोस आपल्या मनाने कधीही घेऊ नये. त्याने गर्भात व्यंग येऊ शकते.

शेवटी एक महत्त्वाचे. आहार सुधारून व डोस घेऊनही रात्री दिसत नसेल, किंवा घरात आणखी कोणाला हाच त्रास असेल, तर टॉनिकवर पैसे घालवू नयेत. काही कुटुंबांत ऑप्सिनचे किंवा दृष्टिपटलाचे जनुकच सदोष असते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी, आणि नात्यात लग्न जुळवण्याआधी विचार करावा.