डोळे चुरचुरतात, पण निळ्या प्रकाशाने नव्हे

देऊळगाव राजाच्या बसस्थानकावर जालन्याच्या गाडीची वाट पाहत मोबाइलमध्ये रमलेल्याचे डोळे चुरचुरू लागतात. दोष बहुधा निळ्या प्रकाशाला दिला जातो आणि चष्म्याला ‘ब्लू कट’ (निळा प्रकाश अडवणारी) काच बसते.

या त्रासाचे नाव डिजिटल आय स्ट्रेन (सतत पडद्याकडे पाहिल्याने येणारा डोळ्यांचा तात्पुरता शीण). पडद्याचा निळा प्रकाश उन्हाच्या मानाने अगदीच फिका असतो. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या 2023च्या आढाव्यात 17 चाचण्या तपासल्या गेल्या; या काचांनी शीण कमी होत असल्याचे दिसले नाही.

खरी कारणे दुसरीच. एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा मिटणारी पापणी पडद्यासमोर बरीच कमी मिटते, अश्रूंचा थर सुकतो. बुलढाण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, पंख्याच्या थेट झोतात, तो आणखी लवकर सुकतो. शिवाय जवळचे पाहताना सिलिअरी स्नायू (डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणारा स्नायू) आखडून राहतो. भरलेली कळशी हातात धरून उभे राहावे तसे हे आहे: वजन तेवढेच, पण वेळ वाढला की हात भरून येतो.

म्हणून दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे पाहावे, मुद्दाम पापण्या मिटाव्यात. फोन हातभर लांब, अक्षरे मोठी.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला: दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. हेतू अभ्यासाचा आणि गप्पांचा. डोळ्यांची विश्रांती आपसूकच.

विश्रांतीनंतरही डोके दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर नंबर तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर बदलला असला तरी तक्रारी अशाच असतात.